शस्त्र, शिक्षा आणि राज्यघटना

नाशिकहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर सिन्नर ओलांडले की नांदूर शिंगोटे हे गाव लागते. आज तेथे थांबणारा प्रवासी चहा घेतो आणि पुढे जातो. परंतु सन १८५७ मध्ये याच गावातील एका माणसाने इंग्रज सरकारची झोप उडविली होती. भागोजी नाईक त्याचे नाव. जातीने भिल्ल, आणि एके काळी अहमदनगरच्या पोलीस दलातला अंमलदार. सन १८५५ मध्ये दंगा करणे आणि पोलिसांच्या कामात अडथळा आणणे या आरोपांवरून त्याला कैदेची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला तेव्हा एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्याच्याकडून मागण्यात आला. ते वर्ष सरते न सरते तोच सर्वसाधारण निःशस्त्रीकरणाचा हुकूम निघाला आणि भागोजीने गाव सोडून डोंगर जवळ केला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याच्या पाठलागावर आलेला पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री याच परिसरातील चकमकीत मारला गेला. पुढे दोन वर्षे नाशिक आणि नगरचे डोंगर धुमसत राहिले आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरे येथे भागोजी लढता लढता पडला.

शिक्षा, चांगल्या वर्तणुकीचा जामीन आणि शस्त्रबंदी हे तीन शब्द भागोजीच्या आयुष्यात एकामागोमाग एक आले. विशेष हे की, हेच तीन शब्द आज स्वतंत्र भारताच्या शस्त्र कायद्याच्या नवव्या कलमात शेजारी शेजारी बसलेले आहेत. एकदा गुन्हेगार ठरलेल्या माणसाच्या हाती पुन्हा शस्त्र द्यावे की नाही, न द्यावे तर किती काळ, आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही. सध्या तो अमेरिकेतील न्यायालयांत गाजतो आहे. परंतु तो आपल्या तालुक्याच्या कचेरीतही रोज सुटत असतो, किंवा सुटत नसतो. फरक इतकाच की, आपल्याकडे त्याची चर्चा होत नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने कायद्याच्या प्रांतात का शिरावे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्याला उत्तर असे की, परवाना ही मुळात वाटपाची बाब आहे. एक वस्तू आहे, ती सर्वांना द्यावयाची नाही, आणि कोणाला द्यावयाची हे सरकार ठरविणार आहे. अशा प्रत्येक वाटपात दोन प्रकारच्या चुका संभवतात. धोकादायक माणसाला परवाना मिळणे ही पहिली चूक आणि निरुपद्रवी माणसाला तो नाकारला जाणे ही दुसरी. पहिलीची किंमत तिसराच कोणी प्राण देऊन मोजतो. दुसरीची किंमत नाकारला गेलेला माणूस निमूटपणे मोजतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. म्हणून कायद्याची परीक्षा करावयाची ती या कसोटीवर की, तो कोणती चूक कोणाच्या माथी मारतो.

अमेरिकेतील वाद

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क केवळ नागरी सेनेपुरता नसून व्यक्तीचा आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. मात्र तो देताना, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवर असलेल्या जुन्या बंदीला आपण हात लावीत नाही, असेही न्यायालयाने बजावले होते. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक कैदेची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात जो दोषी ठरला, त्याला बंदूक बाळगता येत नाही. प्रत्यक्षात त्याला किती शिक्षा झाली हे कायदा पाहत नाही आणि बंदीला मुदतही नाही. ती जन्माची आहे.

मग २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने नवी कसोटी सांगितली. शस्त्रांवरील कोणताही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, तरच तो टिकेल. या एका वाक्याने शेकडो खटल्यांना तोंड फुटले. त्यांतील एक फार बोलका आहे. पेनसिल्व्हेनियातील एका गृहस्थाने लोकांच्या हिरवळी कापून मिळणारे उत्पन्न पूर्णपणे न दाखविता सरकारी अन्नसाहाय्याची २,४५८ डॉलरची रक्कम मिळविली होती. १९९५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याला तुरुंगवास झालाच नाही; तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची अट तेवढी घातली गेली. पण त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत असल्यामुळे तो शस्त्राला कायमचा मुकला. जून २०२३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो फेरविचारासाठी परत पाठविला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. अन्य काही अपील न्यायालयांनी मात्र नेमके उलट मत दिले आहे. दोषी ठरलेल्यांचा सारा वर्ग निःशस्त्र करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, प्रत्येकाची कुंडली मांडण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे.

दरम्यान जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने आणखी एक निर्णय दिला. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात ज्याच्यापासून इतरांच्या जिवाला खरोखर धोका आहे असे न्यायालयाने नोंदविले आहे, त्याला त्या आदेशाच्या मुदतीपुरते निःशस्त्र करणे घटनेला धरून आहे, असा तो निर्णय. त्यातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. धोका न्यायालयाने ठरविलेला आहे, आणि बंदी तात्पुरती आहे.

या वादाला आणखी एक पदर आहे. परंपरा शोधू जाता अमेरिकी न्यायालयांना इतिहासात काय सापडले? गुलामांना, मूळ रहिवाशांना आणि काही काळ कॅथलिकांना शस्त्रबंदी करणारे कायदे! ज्यांना राज्यकर्ते भीत होते, ते सारे ‘धोकादायक’. परंपरेच्या तराजूत न्याय तोलू गेले की जुना अन्यायही वजन म्हणून पारड्यात येऊन बसतो, हा त्यातील धडा आहे.

आपल्या घटनाकारांनी काय केले?

आपल्याकडील कथा वेगळी आहे, आणि ती अधिक विचारपूर्वक घडलेली आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला इतका झोंबला की, १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात ‘नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क’ हा प्रत्येक नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घालण्यात आला. साहजिकच डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तो हक्क मसुद्यात घालावा अशी उपसूचना मांडली.

डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की, कराचीचा ठराव परकीय सत्तेच्या भेदभावाविरुद्ध होता. ती परिस्थिती आता राहिली नाही. स्वतंत्र राष्ट्रात महत्त्व आहे ते शस्त्र धरण्याच्या हक्काला नव्हे, तर संकटकाळी राष्ट्रासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याला. आणि सरसकट मूलभूत हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगत पुढे येईल. म्हणजे अमेरिकेतील न्यायालये आज ज्या गुंत्यात सापडली आहेत, तो गुंता आपल्या घटनाकारांनी आधीच ओळखला होता. परिणामी आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आहे तो ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याच्या हक्कापुरता. शस्त्र धारण करण्याला घटनेने स्पष्ट मान्यता दिली ती एकाच ठिकाणी, शिखांच्या कृपाणाला, आणि तीही धर्मस्वातंत्र्याचा भाग म्हणून.

तरीही दाराच्या फटीतून हा हक्क आत आणण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, स्वसंरक्षणासाठी साधे शस्त्र बाळगणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे मत दिले. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते अमान्य केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, याची पुन्हा आठवण करून दिली.

पण हक्क नाही म्हणजे घटनाच नाही, असे कोणी समजू नये. परवाना ही सरकारची कृपा असली तरी ती वाटताना समानतेचा अनुच्छेद १४ सरकारवर बंधनकारक असतो. शस्त्र कायदाही घटनेच्या कसोटीतून सुटलेला नाही. त्याच्या कलम २७ मधील अनिवार्य मृत्युदंडाचे पोटकलम सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्दबातल ठरविले. महाराष्ट्रातील वाचकाला शस्त्र कायदा माहीत झाला तो बहुतांशी अभिनेते संजय दत्त यांच्या खटल्यामुळे. १९९४ मध्ये त्यांच्याच प्रकरणात घटनापीठाने ‘टाडा’ कायद्यातील कलमाचा अर्थ लावताना सांगितले की, शस्त्राचा ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, आणि त्या शस्त्राचा दहशतवादी कृत्याशी संबंध नव्हता हे दाखविण्याची संधी आरोपीला मिळाली पाहिजे. अखेरीस त्यांना शिक्षा झाली ती शस्त्र कायद्याखाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते येरवड्यातून सुटले. तात्पर्य, हक्क नसला तरी न्याय्य पद्धतीचे बंधन आहेच.

नववे कलम

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे नववे कलम सांगते की, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात ज्याला कैदेची शिक्षा झाली, त्याला ती शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे बंदूक बाळगता येणार नाही. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र ज्याच्याकडून घेतले आहे, त्याला त्या बंधपत्राच्या मुदतीत बाळगता येणार नाही. एकवीस वर्षांखालील व्यक्तीलाही नाही.

अमेरिकेच्या जन्मठेपी बंदीशी तुलना करता हे कलम शहाणपणाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गुन्ह्याचा प्रकार ते पाहते. अन्नसाहाय्याची लबाडी करणारा आणि कुऱ्हाड चालविणारा यांना एकाच दोरीने बांधण्याची सक्ती ते करीत नाही. निदान ‘नैतिक अधःपतन’ या शब्दांचा अर्थ न्यायाधीशाने तारतम्याने लावला, तर नाही. आणि ते मुदत घालते. माणूस बदलू शकतो हे गृहीत धरणारा कायदा सुसंस्कृत समाजालाच शोभतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यातही दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढविता येत नाही, त्यानंतर येते. पिस्तूल आणि आमदारकी या दोन्ही बाबतींत आपल्या कायद्याने क्षमेला काळाची अट घातली आहे. अमेरिकेत मात्र हक्क परत मिळविण्याचा मार्ग कायद्याच्या पुस्तकात असूनही १९९२ पासून तेथील काँग्रेसने त्या अर्जांच्या छाननीसाठी पैसाच मंजूर केला नाही. तो मार्ग पुन्हा उघडण्याच्या हालचाली थेट २०२५ मध्ये सुरू झाल्या. अंदाजपत्रकात तरतूद नसलेला हक्क म्हणजे कोरड्या विहिरीवरचा रहाट.

परंतु आपल्या कलमात दोष नाही असे नाही. शिक्षा ‘कोणत्याही मुदतीची’ असली तरी पाच वर्षांची बंदी लागू होते. म्हणजे पंधरा दिवसांची कैद झालेला आणि दहा वर्षांची झालेला यांना शिक्षेनंतरचा काळ सारखाच. असमानांना समान वागविणे हाही अनुच्छेद १४ चा भंग ठरू शकतो, हे आपली न्यायालये वारंवार सांगत आली आहेत.

बांधावरचा आणि वाड्यावरचा

कायद्याच्या पुस्तकातून उठून आता गावाकडे यावे. आमच्या चांदवडच्या परिसरात कांदा, मका आणि द्राक्षे ही पिके. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची खास तरतूद आहे, हे फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. कलम १४ तर असेही सांगते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. संसदेने १९५९ मध्ये गरिबासाठी उघडे ठेवलेले हे दार आहे.

आता असा एक शेतकरी कल्पनेत आणावा. बांधाच्या वादात भावकीशी हाणामारी झाली, वकील लावण्याची ऐपत नव्हती, खटला लवकर उभा राहिला आणि महिन्याची कैद झाली. नववे कलम त्याला ताबडतोब पकडते. दुसरा माणूस वाड्यावरचा. त्याच्यावर खंडणीचे, धमकीचे, मारहाणीचे चार गुन्हे नोंदलेले आहेत. पण तारखांवर तारखा पडत आहेत, साक्षीदार फिरत आहेत आणि निकाल एकाही खटल्याचा नाही. नवव्या कलमाच्या दृष्टीने हा गृहस्थ निष्कलंक! त्याच्या कमरेचे पिस्तूल लग्नसमारंभात सदऱ्याखालून डोकावत राहते. पहिल्याला बंदूक हवी होती ती रानडुकरांना पळविण्यासाठी. दुसऱ्याला हवी आहे ती माणसांना. अर्थशास्त्रात जिला आपण प्रतिष्ठेची वस्तू म्हणतो, ती येथे दहशतीची वस्तू झाली आहे.

हे चित्र काल्पनिक असले तरी निराधार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष त्या जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांकडे गेले. गुन्हे दाखल असलेल्यांच्या हाती परवाने कसे, हा प्रश्न विचारला गेला आणि प्रशासनाने असे परवाने रद्द करण्याची मोहीम हाती घेतली. प्रश्न असा की, हीच छाननी हत्येच्या आधी का झाली नाही? सार्वजनिक शांततेसाठी परवाना नाकारण्याचा कलम १४ चा आणि तो निलंबित वा रद्द करण्याचा कलम १७ चा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना पूर्वीपासूनच आहे. निवडणुका जाहीर झाल्या की जामिनावर सुटलेल्यांची, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेल्यांची आणि दंगलीत सहभागी असलेल्यांची शस्त्रे छाननी समितीच्या निर्णयानुसार जमा करून घेतली जातात. ज्याच्या हातातील शस्त्र मतदानाच्या महिन्यात धोक्याचे वाटते, त्याच्याच हातात ते उरलेल्या काळात सुरक्षित कसे ठरते?

सावधगिरीची दुसरी बाजू

मग नुसता गुन्हा नोंदला की परवाना रद्द, असा सोपा नियम करावा काय? मोह होण्यासारखा आहे. पण तो टाळला पाहिजे. गुन्हा नोंदविणे ही पोलिसांची कृती आहे, न्यायालयाचा निष्कर्ष नव्हे. गावच्या राजकारणात प्रतिस्पर्ध्याला निःशस्त्र करण्यासाठी खोटी फिर्याद पुरेशी होईल. केवळ खटला प्रलंबित आहे एवढ्यावरून परवाना रद्द करता येत नाही, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे ते याच भीतीपोटी.

याहून मोठी भीती इतिहासाची आहे. १८७१ च्या कायद्याने या देशातील कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. पण त्याची सावली ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दात रेंगाळत राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाला या शब्दाच्या वापरावर कठोर बोलावे लागले. ‘धोकादायक कोण’ हे ठरविण्याची मोकळीक अधिकाऱ्याला दिली की तो पारध्याच्या झोपडीकडे आधी पाहतो आणि वाड्याकडे सर्वांत शेवटी, हा आपला अनुभव आहे. अमेरिकेला तिचा इतिहास जसा नडला, तसा आपला आपल्याला नडू नये.

म्हणून मध्यममार्ग काढावयाचा तो न्यायालयाच्या आधाराने. हिंसेच्या गंभीर गुन्ह्यात न्यायालयाने आरोप निश्चित केले की, त्या टप्प्यावर परवान्याचा फेरविचार अनिवार्य करावा. आरोप निश्चितीत न्यायाधीशाची नजर सकृद्दर्शनी पुराव्यावरून फिरलेली असते. नुसत्या फिर्यादीत ती नसते. दुसरे, परवानाधारक दोषी ठरला तर त्याचा परवाना तेथेच निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला कायद्याने दिलेला आहे. तो नियमाने वापरला जावा आणि त्याची नोंद परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याच दिवशी पडावी. तिसरे, नकाराची वा रद्द करण्याची कारणे लेखी देण्याचे बंधन कायद्यात आहेच. ती मराठीत, अर्जदाराला समजतील अशी दिली जावीत, म्हणजे अपिलाच्या तरतुदीला अर्थ येईल. चौथे, किरकोळ शिक्षा झालेल्याला पाच वर्षांच्या आत दाद मागण्याची वाट संसदेने ठेवावी. परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असे १९५८ चा कायदा सांगतोच. त्याच तत्त्वाचा हा विस्तार होईल. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, इच्छा लागते.

परवा वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, शिक्षा भोगून झाल्यावर माणूस सरकारचे काय देणे लागतो?” अर्थशास्त्राच्या भाषेत उत्तर सोपे होते, कर्ज फिटले की तारण मोकळे केले पाहिजे. पण काही काळ सावकार सावध राहिला तर त्याला दोष देता येत नाही, हेही खरे. आपल्या नवव्या कलमाने हा सावधपणा पाच वर्षांपुरता मर्यादित केला आहे, आणि तेवढा तो रास्त आहे. अन्याय होतो आहे तो अन्यत्र. ज्याने कर्ज उघडपणे घेतले आणि फेडले, त्याच्या दारात वसुलीचा शिपाई उभा आहे. ज्याचे खाते कधी लिहिलेच गेले नाही, तो मात्र पेढीवर मानाने बसला आहे.

भागोजी नाईकाने आपली शिक्षा भोगली होती आणि जामिनाचे वर्षही पुरे केले होते. त्यानंतर त्याच्यापुढे आलेला हुकूम त्याच्या एकट्याच्या अपराधाकडे पाहून काढलेला नव्हता. भीतीने काढलेल्या सरसकट हुकुमांनी शांतता येत नाही, हे नांदूर शिंगोट्याच्या रानाने तेव्हाच दाखवून दिले. आणि ज्यांची भीती बाळगावयास हवी त्यांच्याकडे डोळेझाक केल्यानेही ती येत नाही, हे बीडने आता दाखविले आहे. या दोन धड्यांमधली वाट घटनेने आखून दिली आहे. तिच्यावरून चालण्याचे काम मात्र जिल्ह्याच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाचे आहे, आणि त्याच्याकडून ते करवून घेण्याचे काम आपले.